'फाइस्टी' लिहू की 'स्पिरिटेड'? खमक्या माणसाला इंग्रजीत काय म्हणावं

फेब्रुवारीत पुण्याहून भाचीचा फोन आला. तिच्या ऑफिसात महिला दिनासाठी प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका बाईबद्दल इंग्रजीत दीडशे शब्द लिहून द्यायचे होते. तिने आजीवर, म्हणजे माझ्या आईवर, लिहिलं होतं. पहिलंच वाक्य होतं, 'माय ग्रँडमदर इज अ फाइस्टी वुमन फ्रॉम मराठवाडा.'

"आत्या, फाइस्टी चालेल ना? ॲपवर अर्थ 'उत्साही' दाखवतंय."

मी परभणीत अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. एवढ्या वर्षांत 'चालेल ना' या प्रश्नाला मी सरळ 'हो' म्हटल्याचं आठवत नाही. "चालेल, पण थांब जरा," म्हणाले. त्या 'पण'ची ही हकीकत. तुम्हालाही कुणाचं मानपत्र, लेकीचा बायोडाटा, विद्यार्थ्याचं शिफारसपत्र किंवा आजीवरचे दीडशे शब्द इंग्रजीत लिहायचे असतील, आणि फाइस्टी, स्पिरिटेड, प्लकी, स्पंकी, सॅसी, व्हिवाशियस या चमचमत्या शब्दांतला कोणता उचलावा ते ठरत नसेल, तर कामी येईल.

आधी जिच्यासाठी शब्द शोधायचा ती बाई. आई ७८ वर्षांची आहे आणि सेलूजवळच्या आमच्या गावी एकटी राहते. बहात्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलो ज्वारीच्या लाल भाकरी थापल्या. रेशनच्या दुकानात साखर कमी भरली म्हणून तिने अख्ख्या रांगेसमोर दुकानदाराला ती पुन्हा मोजायला लावली, हा किस्सा आमच्याकडे प्रत्येक लग्नात निघतो. भाचीच्या दीडशे शब्दांतले साठ त्यावरच खर्च झाले होते. गावातली आईच्या वयाची माणसं तिला 'खमकी' म्हणतात. कॉलेजची पोरं म्हणतात, 'आजी लई डेंजर हाय.' ज्यांना तिने एकदा तरी सुनावलंय ते 'फटकळ' म्हणतात. बाई एकच, पण बोलणारा कुठं उभा आहे ते शब्दावरून लगेच कळतं. इंग्रजीतही तसंच असतं. आपण तिथे पाहुणे, म्हणून बोलणाऱ्याची जागा आपल्याला चटकन दिसत नाही.

फाइस्टी: बारक्या कुत्र्यावरून आलेला शब्द

उच्चारापासून सुरू करू, कारण वर्गात पहिली अडचण तीच येते. स्पेलिंगमध्ये ई आणि आय शेजारी दिसले की आपली लेकरं 'फेस्टी' वाचतात, नाहीतर 'फीस्टी'. फीस्ट म्हणजे मेजवानी, तिचा इथे काही संबंध नाही. 'हाइट' या शब्दात ई-आय जसे 'आइ' होतात, तसेच इथे.

अर्थ असा की अंगात धमक आहे, सहज दबत नाही, अरेला कारे करते. ॲपचं 'उत्साही' हे उत्तर अर्धंच आहे. उत्साही माणूस पहाटे पाचला उठून फिरायला जातो. फाइस्टी माणूस त्याच वाटेवर कुणी ट्रॅक्टर आडवा लावला असेल तर मालकाला झोपेतून उठवून तो काढायला लावतो. थोडं भांडण, थोडा चिवटपणा आणि बघणाऱ्याला येणारी थोडी गंमत, असे तिन्ही पदर त्यात आहेत. तिसरा पदर लक्षात ठेवा.

अमेरिकेच्या दक्षिण भागात 'फाइस्ट' नावाचं एक लहानखोर शिकारी कुत्रं असतं. खार हुडकायची, तिला झाडावर चढवायची आणि मालक येईपर्यंत बुंध्याशी भुंकत राहायचं, हे त्याचं काम. आपल्या लातूरकडच्या उंच, सडपातळ कारवानी कुत्र्यासारखं ते दिसायला देखणं नसतं. अंगाने एवढंसं आणि आवेश मात्र केवढा. त्या कुत्र्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९६ च्या सुमारास, हे विशेषण अमेरिकन इंग्रजीत आलं. त्याच्याही मागे गेलं तर प्रकरण आणखी खाली उतरतं. मध्ययुगीन इंग्रजीत 'फिस्टेन' नावाचं एक क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ पादणे. त्यावरून सोळाव्या शतकात घाण सोडणाऱ्या भिकार कुत्र्याला एक शिवी तयार झाली. ती घासून घासून 'फाइस्ट' राहिली, आणि वास उडून गेल्यावर नुसतं बारकं कुत्रं उरलं. एखादा बेत फुसका ठरला की इंग्रजीत 'फिझल' म्हणतात, तोही याच भाऊबंदकीतला. त्याचा मूळ अर्थ आवाज न करता सोडणे. आपला 'फुसका बार' आणि 'फुसकुली' शेजारी ठेवून बघा, म्हणजे दोन्हीकडच्या लोकांची डोकी सारखीच चालतात हे पटेल.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. नातीने तुझ्यावर लिहिलंय, शब्द असा आहे, तो असा कुत्र्यावरून आलाय. ती जरा वेळ हसली आणि म्हणाली, "कुत्रं म्हणलं तरी चालंल. पण बारकं कामून?"

माझी अडचण नेमकी हीच होती, फक्त मला ती इतकी थोडक्यात सांगता आली नसती. आज फाइस्टी म्हणताना कुणाच्या मनात कुत्रं नसतं, पण त्याचं माप मात्र शब्दाला चिकटून राहिलंय. इंग्रजीत फाइस्टी कुणाला म्हणतात ते पाहा. म्हातारी बाई, बुटकी बाई, तरुण पोरगी, छोट्या गावचा संघ, मोठ्या पक्षाशी भांडणारा छोटा पक्ष. साडेसहा फुटी पहिलवानाला कुणी फाइस्टी म्हणत नाही. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक पुरुष असतील तर त्यांना कुणी म्हणणार नाही, बाई असतील तर एखादा बातमीदार नक्की म्हणेल. 'एवढासा जीव, आणि बघा कशी भांडते' असा सूर त्यात असतो. कौतुक खोटं नसतं, पण ते डोक्यावर हात फिरवत केलेलं असतं.

म्हणून मी वर्गात एक कसोटी देते: हाच शब्द याच जागी धडधाकट पुरुषासाठी लिहिला असता का? हसू आलं तर शब्द बदला. आपल्याकडच्या दगडाबाई शेळके आठवा. जालना जिल्ह्यातल्या. हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांविरुद्ध प्रत्यक्ष लढल्या आणि लोकांनी त्यांना मराठवाड्याची झाशीची राणी म्हटलं. १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमात कुणी इंग्रजी भाषणात त्यांना 'फाइस्टी लेडी' म्हणालं, तर शब्दकोश त्याची बाजू घेईल, पण बाईचा पराक्रम शेजारणीशी झालेल्या भांडणाएवढा होऊन बसेल.

दुसरा धोका प्रदेशाचा. ब्रिटिश वाचकाला फाइस्टी बहुतेक कौतुकाचा वाटतो. अमेरिकन शब्दकोशांत मात्र त्याला 'चटकन चिडणारा, भांडखोर' अशी एक छटा आहे, आणि तिथल्या दक्षिणेकडे 'एका जागी न बसणारा, चुळबुळ्या' अशीही. जमैकात तर तो उद्धटपणाकडेच झुकतो. याची किंमत मी एकदा मोजली आहे. एका विद्यार्थिनीला परदेशी शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र देताना मी मोठ्या हौसेने 'अ फाइस्टी यंग वुमन' लिहिलं होतं. तिकडून एका ओळीचा प्रश्न आला: ही मुलगी गटात इतरांशी जुळवून घेते ना? पोरगी अतिशय मिळून मिसळून राहणारी होती. वसतिगृहातल्या पाण्याच्या टँकरसाठी तिने अर्ज-विनंत्या करून तो आणवला होता, एवढंच मला सांगायचं होतं. दुसरं पत्र लिहिलं. त्यात विशेषण काढलं आणि टँकरची गोष्ट घातली. ती गेली, पण मला अजून तो प्रश्न आठवला की कान गरम होतात.

मग फाइस्टी वापरायचाच नाही का? तसं मुळीच नाही. शेपटी वर करून अंगावर येणारा कोंबडा फाइस्टी. आठवडी बाजारात दोरी सोडवून पळालेला उस्मानाबादी बोकड फाइस्टी. तालुक्याच्या शाळेचा कबड्डी संघ विभागात भल्याभल्यांना घाम फोडतो तेव्हा तो फाइस्टीच, कारण 'लहान असून' हे तिथे खरंच सांगायचं असतं. वादविवाद, मुलाखत, सवाल-जवाब यांनाही चालतो. मैत्रिणीला वाढदिवसाच्या मेसेजमध्ये बिनधास्त लिहा. आणि एखादी बाई स्वतःच स्वतःला फाइस्टी म्हणवून घेत असेल, तर तिच्याशी वाद घालणारे आपण कोण?

स्पिरिटेड: पाणीदार घोडा

भाचीला मी सुचवलेला शब्द हा. लॅटिनमध्ये 'स्पिरिटस' म्हणजे श्वास, प्राण. आपण जसं 'प्राण ओतून काम केलं' म्हणतो, तसा हा शब्द प्राणाने भरलेल्या माणसाचा. स्पिरिटेड माणूस भांडेलच असं नाही, पण त्याच्या वागण्या-बोलण्यात जोर असतो. आणि हा शब्द माप विचारत नाही. बाई, पुरुष, म्हातारा, लेकरू, कलेक्टर, कुणालाही लावा.

इंग्रजीत हा शब्द घोड्यालाही फार पूर्वीपासून लागतो, आणि तिथे मला त्याचा नेमका मराठी जोडीदार सापडला. नांदेड जिल्ह्यात लोह्याजवळ माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथला जनावरांचा बाजार पाहिला नसेल तर एकदा पाहा. चांगला घोडा उभा असला की जाणता माणूस त्याच्या उंचीबिंचीवर बोलत नाही. लगाम हातात घेतो, डोळ्यात बघतो आणि म्हणतो, 'पाणीदार आहे.' मोत्याला पाणी असतं, तलवारीला असतं, डोळ्यांना असतं. ज्या मुलखातल्या लातूर शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाने कुणाला 'पाणीदार' म्हणावं यात किती कौतुक भरलंय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. स्पिरिटेडचा अनुवाद शब्दकोश 'जोमदार', 'तेजस्वी' असा देतात. मी 'पाणीदार' देते आणि त्यावर ठाम आहे.

आता याच्या खोडी. एक, 'स्पिरिट' म्हटल्यावर आपल्या पोरांना आधी दवाखान्यातली बाटली आठवते, मग दारूची. 'स्पिरिटेड म्हणजे प्यालेला का मॅडम?' हा विनोद मी दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी नव्याने हसल्यासारखं करते. दोन, या शब्दाला पुढे काय जोडलं त्यावर अर्थ उलटतो: पब्लिक-स्पिरिटेड म्हणजे लोकांसाठी झटणारा, मीन-स्पिरिटेड म्हणजे कोत्या मनाचा. आणि 'स्पिरिटेड अवे' लिहिलंत तर माणूस गुपचूप गायब केला असा अर्थ होईल. तीन, आणि ही खोड खरी महत्त्वाची, खेळाच्या बातम्यांत 'स्पिरिटेड फाइट' बहुधा हरलेल्या संघाच्या वाट्याला येते. आपल्याकडे 'कडवी झुंज दिली' वाचलं की पुढचं वाक्य वाचायच्या आधीच निकाल कळतो, तसंच. जिंकलेल्याबद्दल लिहिताना स्पिरिटेड जरा जपून.

या दोघांत निवडायचं तर माझं मत सरळ आहे. वाचणारा अनोळखी असेल, कागद औपचारिक असेल किंवा माणूस तुमच्याहून मोठा असेल, तर स्पिरिटेड. ओळखीत, गमतीत आणि खरोखरच आकाराने लहान असलेल्यांसाठी फाइस्टी.

बाकीचे, भराभर

प्लकी. खाटकाकडे जनावर कापल्यावर काळीज, फुप्फुस वगैरे एकत्र ओढून काढतात, त्या ओढून काढलेल्या ऐवजाला इंग्रजीत 'प्लक'. अठराव्या शतकाच्या शेवटी त्याला हिमतीचा अर्थ चिकटला. आपण 'वाघाचं काळीज' म्हणतो, तीच वाट. म्हणजे प्लकी हा 'काळजाचा' माणूस. शब्द गोड आहे, पण फाइस्टीपेक्षाही जास्त 'बिचारं' म्हणणारा. १९१४ मध्ये जर्मनीने बेल्जियमवर आक्रमण केलं तेव्हा ब्रिटनमध्ये 'प्लकी लिटल बेल्जियम' म्हणायची पद्धत पडली. त्यातला 'लिटल' तेव्हापासून प्लकीच्या मागे न बोलावता येऊन बसतो. आजारातून उठलेल्या लेकराला शोभतो. बाकी इंग्लंडातही तो आता जुनाट वाटतो.

स्पंकी. मूळ फार सुंदर आहे. 'स्पंक' म्हणजे ठिणगी पडली की पेटणारं वाळकं भुसभुशीत लाकूड. चकमकीची ठिणगी धरायला आपल्याकडे कापूस लावत, तोच प्रकार. कापसाच्या मुलखातल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. पुढे त्याला हिमतीचा अर्थ आला. अमेरिकेत हा शब्द निरुपद्रवी आहे. ब्रिटनमध्ये मात्र 'स्पंक'चा एक असा अश्लील अर्थ रूढ आहे की तो मी वर्गात सांगत नाही आणि इथेही सांगणार नाही. तुमचं लिखाण कुठे कुठे फिरेल याची खात्री नसेल तर हा शब्द सोडून द्या. आजीवर लिहिताना तर हात जोडून सांगते.

सॅसी. हा 'सॉसी'चा अमेरिकन अवतार, १८३० च्या दशकापासूनचा, आणि सॉसीच्या मुळाशी सॉस, त्याच्याही मुळाशी लॅटिनमधलं मीठ. तोंडात तिखटमीठ असलेली बाई. सध्या टी-शर्ट, कप, इन्स्टाग्राम सगळीकडे सॅसी दिसतो आणि आमच्या कॉलेजातल्या मुली तो 'भारी' या अर्थाने वापरतात. तसा तो असेल, पण त्याच्या पोटात 'आगाऊ' बसलेला आहे. पायरी सोडून बोलली, उलट उत्तर दिलं, हे त्यात गृहीत असतं. अमेरिकेत कृष्णवर्णीय बायकांना हा शब्द एखाद्या ठरलेल्या मुखवट्यासारखा चिकटवला गेला, म्हणून तिकडे पुष्कळ जणी त्याने दुखावतात.

माझ्या मनात इथे नेहमी जनाबाई येतात. गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातलं. जनी विठ्ठलाला 'विठ्या' म्हणते, त्याच्यावर आग पाखडते. कुणी उत्साहाने इंग्रजीत 'सॅसी सेंट' लिहिलं तर वाचणाऱ्याला मजा येईल. पण सॅसी म्हणायला आधी मधे एक पायरी लागते, जी ओलांडली असं म्हणता यावं. जनीच्या बोलण्यात पायरीच नाही. घरातलं माणूस वेळेवर आलं नाही म्हणून दारात उभं राहून रागवावं तसं ते आहे. तिच्यासाठी इंग्रजीत मला आजवर एकही विशेषण सापडलेलं नाही. फाइस्टी नाही, स्पिरिटेडही नाही.

व्हिवाशियस. बायोडाट्यात हा टाकावा का, असं मला वर्षातून चारपाच आया तरी विचारतात. शब्दाचं कूळ मोठं आहे. त्यातला लॅटिन धातू जगण्याचा. आपला 'जीव' आणि फारसीचा 'जिंदा' हे दोघेही त्याच मुळाचे. त्यामुळे व्हिवाशियसला सगळ्यात जवळचा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे, 'जिंदादिल'. निजामाच्या राज्यात काढलेल्या दिवसांनी आपल्या बोलण्यात जे शेकडो शब्द ठेवले त्यातला हा एक, आणि मला 'चैतन्यमय'पेक्षा कितीतरी जिवंत वाटतो. लॅटिन विशेषणाला 'दीर्घायुषी' असाही अर्थ होता हे ऐकलं की आया खूश होतात.

फरक एवढाच की जिंदादिल पुरुषालाही म्हणतो, बाईलाही. व्हिवाशियस बहुतेक वेळा बाईलाच, आणि त्यातही दिसायला-बोलायला आकर्षक असलेल्या बाईला. भांडणाचा त्यात लवलेश नाही. हसरी, बोलकी, चार माणसांत रमणारी. म्हणून आमच्या आईला तो अजिबात बसत नाही. ती चार माणसांत रमत नाही, चार माणसांचा हिशेब घेते. बायोडाट्याबद्दल माझा सल्ला असा की 'चीअरफुल' लिहा. तो सासूलाही कळतो, मुलालाही कळतो आणि उच्चारताना कुणाची जीभ अडखळत नाही.

लाइव्हली हा बिनधोक शब्द. आठवीतल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकापासून वर्गाच्या वर्णनापर्यंत कुठेही लावा. फक्त 'लाइव्हली डिस्कशन' म्हणजे पुष्कळदा सभेत खुर्च्या उचलल्या गेल्या हे सभ्यपणे सांगणं असतं. ग्रामसभेला गेलेल्यांना वेगळं सांगायला नको.

व्हायब्रंट माणसाला लावू नका, एवढंच सांगते. रंगाला लावा, बाजाराला लावा, शहराला लावा. पैठणीच्या पदरावरच्या मोरांना तो शोभून दिसतो. मुळात तो थरथरण्याचा शब्द आहे आणि गीतेत अर्जुनाच्या अंगाला सुटलेल्या कंपाला 'वेपथु' म्हटलंय त्याचा लांबचा नातेवाईक. अलीकडे मात्र प्रत्येक माहितीपत्रकात, प्रत्येक गुंतवणूक मेळाव्याच्या कमानीवर तो इतका झळकतो की त्याचं पार पोतेरं झालंय.

मराठीकडून निघा

शब्द अडला की इंग्रजी कोश उघडायच्या आधी मी विचारते, या माणसाला आपल्या गावात काय म्हणतात? 'चुणचुणीत' म्हणत असतील तर लाइव्हली किंवा ब्राइट. 'तडफदार' म्हणत असतील तर स्पिरिटेड चालेल, पण डायनॅमिक जास्त जवळचा. 'फटकळ' म्हणत असतील आणि तुम्हाला खरं लिहायचं असेल, तर आउटस्पोकन. तो शिवीही नाही आणि लाडही नाही. 'तोंडाळ' म्हणत असतील तर मानपत्राचा विचारच सोडा. 'जिंदादिल'साठी व्हिवाशियस, पण पुरुष असेल तर हार्टी किंवा नुसतं 'फुल ऑफ लाइफ'.

आणि 'बाणेदार', 'करारी' म्हणत असतील, दगडाबाईंसारखं कुणी असेल, तर वरच्या यादीतला एकही शब्द नको. तिथे इन्डॉमिटेबल आहे. लांबलचक, उच्चाराला जड, पण आपल्या घरचा. लॅटिनमधला 'इन' म्हणजे आपला नकाराचा 'अ', आणि त्यातला 'डोम' म्हणजे संस्कृत 'दम्', काबूत आणणे. तुकड्याला तुकडा जोडत गेलं की थेट 'अदम्य' मिळतो. असा सुबक मेळ क्वचित जमतो. मानपत्राच्या मायन्यात तो शब्द पडला की कागदालाच वजन येतं.

उरला 'खमकी'. कुठल्याही एका इंग्रजी शब्दात तो पूर्ण मावत नाही. खमकी बाई भांडते, पण भांडखोर नसते. कडक असते, पण तिच्या दारातून कुणी उपाशी जात नाही. आणि तिच्याकडे बघताना आपण खाली बघत नाही, थोडं वरच बघतो. फाइस्टीत पहिला भाग आहे. स्पिरिटेडमध्ये नजर सरळ आहे, पण भांडण पुसट झालंय. 'फॉर्मिडेबल'मध्ये वर बघणं आहे, पण तिथे तोंडावर पदर धरून हसायला जागा नाही.

हे सगळं मी भाचीला दोन दिवस, तीन फोन आणि कितीतरी व्हॉइस मेसेजमधून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आत्या, फाइस्टी म्हणजे कुत्री, स्पिरिटेड म्हणजे घोडी, प्लकी म्हणजे कापलेल्या जनावराचं काळीज, आणि तुझ्या त्या अदम्यलाही आधी वेसणच घालावी लागते. आजीला जनावरांतून कधी बाहेर काढणार आहेस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने स्वतःच मार्ग काढला. पहिलं वाक्य केलं, 'इन हर व्हिलेज दे कॉल माय ग्रँडमदर खमकी.' पुढे अर्ध्या ओळीत त्याचा अर्थ. शब्द तसाच ठेवला, अनुवाद न करता. स्पिरिटेड एकदाच आला, खडी फोडणाऱ्या पंचविशीतल्या बाईसाठी, आणि तिथे तो मलाही पटला. फाइस्टी गेला.

पाठवायच्या आधी आम्ही तिघी एका फोनवर आलो. भाचीने एकेक वाक्य मराठीत सांगत आजीला सगळं ऐकवलं. "काय काय लिहायलीस माय तू," असं पुटपुटत ती ऐकत होती. विशेषणांवर तिने काहीच म्हटलं नाही. रेशनच्या दुकानाशी मात्र तिने थांबवलं.

"साखर नव्हती ती. रॉकेल होतं. माप तिरपं धरायचा तो. साखर त्या महिन्यात आलीच कुठं होती?"

इतकी लग्नं झाली, इतक्या वेळा तो किस्सा सांगून झाला, आणि आम्ही सगळे साखरच सांगत होतो. भाचीने तेवढं दुरुस्त केलं आणि मग पाठवलं.